मिरजेच्या उरुसातलं गाणं ऐकायला कॅम्पर व्हॅननं जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात जी संगीत सभा होते, तिला आम्ही काही मित्रमंडळी पुण्याहून व्हॅन घेऊन जातो. उरूस जवळ आला की ओळखीच्यांचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. गाडी कुठली घ्यायची, लावायची कुठे, झोपायचं कसं, दर्ग्यात बायकांना बसता येतं का, गाण्यातलं काही कळत नसेल तर यावं का. तीच उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. त्यांतलं एक उत्तर बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं आहे : मैफल संपल्यावर गाडी चालू करायची नाही, आधी झोपायचं. व्हॅन न्यायची ती त्यासाठीच.

मिरजेत नेमकं काय असतं?

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण आयुष्याच्या उत्तरार्धात ते मिरजेचे झाले. दर्ग्यातल्या मीरासाहेब पिरांवर त्यांची अपार श्रद्धा होती. दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली बसून ते गाण्याची सेवा करायचे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या दौऱ्यावर पाँडिचेरीकडे जाताना त्यांना वाटेत अस्वस्थ वाटू लागलं. मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल ह्या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तिथेच त्यांचं देहावसान झालं. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या परिसरातच दफन करण्यात आलं. उरुसातली संगीत सभा त्यांच्या स्मृतीची आहे.

त्यांच्या शिष्यपरंपरेत सवाई गंधर्व आले, रोशनआरा बेगम आल्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलं. पुढे सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी इथे सेवेला येत राहिले. ज्या जागेला ह्या माणसांनी आपलं मानलं, तिथे जमिनीवर बसून गाणं ऐकणं आणि सभागृहातल्या खुर्चीत बसून ऐकणं ह्यांत फार अंतर आहे. कलाकारही इथे ‘कार्यक्रम करायला’ येत नाहीत, हजेरी लावायला येतात. गायकाच्या बसण्यातसुद्धा तो फरक दिसतो.

मिरज म्हणजे लहान गाव म्हणायचं का?

कागदोपत्री नाही. सांगली-मिरज-कुपवाड अशी महानगरपालिका आहे आणि मिरज मोठं रेल्वे जंक्शन आहे. पण दर्ग्याभोवतीचा जुना भाग पेठांचा आणि गल्ल्यांचा आहे. चहाच्या टपरीवर शेजारी उभा असलेला माणूस काल ऐकलेल्या यमन रागाबद्दल बोलायला लागतो, इतकं हे गाव गाण्याचं आहे.

तारखा कशा कळतात?

उरूस इस्लामी चांद्र पंचांगाप्रमाणे येतो, त्यामुळे आपल्या कॅलेंडरवर तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २००६-०७ च्या सुमारास तो भर पावसाळ्यात यायचा. अलीकडे थंडीच्या दिवसांत येतो आहे. म्हणून ‘मागच्या वर्षी अमुक तारखेला होता’ ह्या भरवशावर रजा टाकू नका. सांगली-मिरजेच्या स्थानिक वर्तमानपत्रांत उरुसाच्या आधी बातमी आणि कलाकारांची नावं येतात. मिरजेत कुणी ओळखीचं असेल तर पत्रिकेचा फोटो मागवून घ्या, तो सगळ्यात खात्रीचा.

तिकीट आहे का? आणि गाणं खरंच रात्रभर चालतं का?

तिकीट नाही. येईल त्यानं बसावं आणि ऐकावं.

रात्रभराचं मात्र नीट समजून घ्या. जुन्या पिढीकडून ज्या पहाटेच्या मैफलींचं वर्णन ऐकायला मिळतं, त्या काळात ध्वनिक्षेपकावर बंधनं नव्हती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणा-उत्सवांसाठी वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्यामुळे सत्रं किती, कुठली आणि किती वाजेपर्यंत, हे त्या वर्षीच्या पत्रिकेत बघून मगच बेत आखा. रात्रीचं सत्र लांबलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाणं असलं, तर मधले काही तास कुठे काढायचे हा प्रश्न उरतोच. व्हॅन कामी येते ती तिथे.

रेल्वे आहे, लॉज आहेत. मग व्हॅनचा खटाटोप कशाला?

एकट्या-दुकट्यानं जायचं असेल तर खुशाल रेल्वेनं जा. मिरजेसारखी रेल्वेची सोय फार थोड्या गावांना आहे.

व्हॅनचा फायदा चार-सहा जणांच्या गटाला होतो. उरुसाच्या दिवसांत लॉज भरलेले असतात. खोली मिळाली तरी रात्री एक-दीडला दार ठोठावून आत शिरायचं, सकाळी आवरून बाहेर पडायचं आणि त्यासाठी पूर्ण दिवसाचं भाडं भरायचं, असं होतं. रेल्वेच्या वेळा गाण्याच्या वेळांशी जुळत नाहीत. पण खरी अडचण नेहमीच्या कारनं येणाऱ्यांची होते. भैरवी संपते, अंगात गाणं भरलेलं असतं, सगळ्यांना वाटतं की आता तीन-चार तासांत पुणं गाठू, सकाळी ऑफिस करू. डोळ्यावर झोप नाही असं वाटतं, आणि कराडच्या अलीकडेच पापण्या जड होतात. पहाटेच्या त्या दोन-तीन तासांत माणूस स्टिअरिंगवर डोळे उघडे ठेवून झोपतो. गाडीत पाठ टेकायची सोय असली की हा मोहच उरत नाही. गाणं संपलं, गाडीपर्यंत चालत आलो, झोपलो.

शिवाय मध्येच उठून जायची सोय राहते. साठीच्या पुढच्या मंडळींना सलग पाच तास मांडी घालून बसणं जमत नाही. तासभर गाडीत पडून पुन्हा ताजं होऊन आलं की पुढचा राग नीट ऐकता येतो.

गाडी भाड्यानं घ्यावी की आपली वापरावी?

पहिल्यांदा भाड्यानंच घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा गाड्या भाड्यानं देणारे बरेच झाले आहेत. बहुतेक गाड्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात : चार ते सहा जणांची झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रीज, काहींत संडास-बाथरूम. भाडं दिवसाचं असतं, त्यावर ठरावीक किलोमीटरची मर्यादा असते आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळा दर. पुणे ते मिरज साधारण २३५ किलोमीटर. जाऊन-येऊन, गावातलं फिरणं आणि नरसोबाच्या वाडीला जाऊन येणं धरलं तर सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटर होतात. हा हिशोब आधीच सांगून भाव ठरवा. गाडी ताब्यात घेताना पाण्याचा पंप, बॅटरीचा काटा आणि झोपायचे बाक उघडून-मिटून स्वतः बघा. बाकाची एक खीळ बसत नसेल तर ते रात्री दीड वाजता कळू नये.

आपल्या गाडीत बदल करून घ्यायचे असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आसनं काढून पलंग ठोकले आणि कागदावर ती आसनं तशीच राहिली, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. मागच्या सीटा आडव्या करून त्यावर गादी टाकली आणि सकाळी गुंडाळून ठेवली, तर एका रात्रीसाठी तेवढं पुरतं.

लायसन्सबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. वजन साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरी भाड्याच्या गाडीबरोबर बहुधा चालक येतोच.

चालक बरोबर असेल तर त्याची व्यवस्था काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि म्हणूनच त्याचं उत्तर सविस्तर देतो.

गाडीत सहा जणांची झोपायची जागा असेल तर पाचच रसिक न्या. सहावी जागा चालकाची. आपण आत गाणं ऐकत असताना तो गाडीपाशी जागत बसला, आपण आल्यावर गाडीतून उतरून बाहेर उभा राहिला आणि सकाळी त्यानंच आपल्याला सुखरूप पुण्याला न्यावं, ही अपेक्षा अमानुष आहे. आमची पद्धत अशी : गाडी लावली की चालकाला आधी पोटभर जेवायला घालायचं, मग त्याचा बाक लावून, पडदा ओढून त्याला झोपू द्यायचं. गाडीची एक किल्ली आमच्याकडे असते. रात्री आलो की मोबाइलच्या उजेडात, न बोलता आपापल्या जागी. चालकाला गाणं ऐकायचं असेल तर त्यानं जरूर यावं, मग दुसऱ्या दिवशी निघायची वेळ दुपारपर्यंत पुढे ढकलायची. तो किती तास झोपला ते त्याला विचारा. त्याला ‘चालतंय साहेब’ म्हणायची सवय असते, म्हणून उत्तर आकड्यात घ्या. सहा तासांपेक्षा कमी असेल तर गाडी हलवू नका.

कुठल्या रस्त्यानं जावं?

पुण्याहून सातारा, कराड, मग पेठ नाक्याला महामार्ग सोडून इस्लामपूर, आष्टा, सांगली, मिरज. इस्लामपूरचं नाव आता ईश्वरपूर झालं आहे, पाटीवर दोन्हींपैकी काहीही दिसेल. मुंबईकरांनी ह्यात मुंबई ते पुणे हे दीडशे किलोमीटर मिळवावेत. कोल्हापूरहून जयसिंगपूर-अंकली करून कृष्णेचा पूल ओलांडला की आलंच मिरज. बेळगाव-चिकोडीकडून येणारे कागवाड-म्हैसाळवरून येतात. सोलापूरकडची मंडळी सांगोला-कवठे महांकाळ ह्या रस्त्यानं.

उजेड असेपर्यंत पोचा, हे मी ठासून सांगतो. उरूस थंडीत आला की तो साखर कारखान्यांचा हंगाम असतो. पेठ नाका सोडल्यापासून रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर लागतात, एकामागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर आलेला. मागे लाल दिवा नसतो, लाल कापड किंवा चिकटवलेला रिफ्लेक्टर असतो, तोही पाचटानं झाकलेला. रात्री हेडलाइटच्या झोतात आधी काहीच दिसत नाही, मग एकदम उसाची भिंत उभी राहते. शिवाय बैलगाड्या असतात, त्या तर अंधाराचाच भाग होऊन जातात. सकाळी दहाला पुणं सोडलं की वाटेत जेवून चारपर्यंत निवांत पोचता येतं.

गाडी लावायची कुठे?

दर्ग्याच्या जवळ नाही. उरुसात तिथे पाळणे, दुकानं, कमानी आणि माणसांची रीघ असते, वाहतूक वळवलेली असते. ट्रॅव्हलरची उंची पावणेतीन मीटरच्या आसपास, त्यावर एसी असला तर आणखी जास्त. रोषणाईच्या माळा आणि गल्लीतल्या तारा त्याच उंचीला लोंबत असतात. गावाबाहेर मोठ्या रस्त्यालगत गाडी लावून रिक्षानं आत जायचं हे सगळ्यात सोयीचं.

जागा शोधताना मंगल कार्यालयांना आधी विचारा. लग्न नसलेल्या दिवशी आवार मोकळं असतं, फाटक असतं, नळ आणि संडास असतो, रखवालदार असतो. एका रात्रीचे रीतसर पैसे देऊन पावती घ्या. मोठ्या पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारातही मालकाला विचारून थांबता येतं, पण तिथे रात्रभर ट्रकची ये-जा असते. हे सगळं पोचायच्या आधी फोनवर ठरवून ठेवा. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, नदीच्या घाटावर न विचारता गाडी लावून झोपू नका. आपण पाहुणे आहोत, आणि रात्री अनोळखी गाडी दिसली की गावकऱ्यांनी येऊन विचारणं हा त्यांचा हक्क आहे.

रात्री गाडीत गरम होत नाही का? एसी लावता येतो का?

थंडीतल्या उरुसात एसीची गरजच पडत नाही, पहाटे चांगला गारठा असतो. प्रत्येकी एक जाडसर पांघरूण आणि कानटोपी आणा. दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवून त्यांवर मच्छरदाणीची जाळी लावा. सगळ्या काचा बंद करून पाच-सहा जण झोपले तर हवा कोंदट होते आणि सकाळी काचांवरून पाणी निथळत असतं.

विजेचं गणित सोपं आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १२०० वॅट-तास. २५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर २०० वॅट-तास जातात. दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग मिळून त्याहून कमी, छोट्या फ्रीजचे तीनेकशे. म्हणजे रात्र आरामात निघते. पण एसी हजार वॅट खातो, तो तासाभरात बॅटरी बसवतो.

इंजिन चालू ठेवून, त्याचा एसी लावून झोपायचं नाही. हे कुणी कितीही सांगितलं तरी करायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला तर वास येत नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही. जनरेटरचंही तेच, शिवाय त्याच्या आवाजानं आजूबाजूच्यांची झोपमोड होते.

स्वयंपाक गाडीत करावा का?

चहा आणि उपमा-पोह्यापुरता. दार उघडं ठेवून, गाडी उभी असताना, आणि झाल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं म्हणजे वरच्याच धोक्याला आमंत्रण. रात्रीचं जेवण गावात करा.

संडास आणि पाण्याचं काय?

गाडीत संडास असला तरी तो रात्रीच्या निकडीपुरता ठेवा. त्याची टाकी रिकामी करायची ती मंगल कार्यालयाच्या किंवा पंपाच्या संडासात, मालकाला विचारून, आणि मागे भरपूर पाणी ओतून. गटारात, ओढ्यात, शेतात कदापि नाही. मिरजेच्या शेजारून कृष्णा वाहते, तेच पाणी लोक पितात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे ह्याच मिरजेतून सुटली होती. पाचजणांना एका रात्रीसाठी हात-तोंड धुण्याचं आणि भांड्यांचं पन्नास-साठ लिटर पाणी पुरतं, पिण्याचं वेगळे कॅन भरून आणा.

दर्ग्यात वागण्याचे काही नियम आहेत का? बायकांना बसता येतं का?

चपला बाहेर, डोक्यावर रुमाल किंवा ओढणी, अंगभर कपडे. संगीत सभेला बायका-मुली, घरची म्हातारी माणसं सगळी येतात आणि बसतात. मजारीपाशी कुठवर जायचं ह्याबद्दल तिथले सेवेकरी सांगतील तसं करा, वाद घालू नका.

उरुसातली एक गोष्ट वेळ काढून बघावी अशी आहे. मानाचा पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, मिरजेच्या चर्मकार समाजाचा असतो. तो वाजतगाजत येताना रस्त्याच्या कडेला उभे राहा. ज्या गावात हा मान पिढ्यानपिढ्या पाळला जातो, तिथेच खाँसाहेबांसारख्या माणसाला घर सापडलं ह्याचं मला कधी नवल वाटलं नाही.

मला रागदारीतलं काही कळत नाही. तरी येऊ का?

या. आणि लवकर येऊन पुढे बसा, म्हणजे तंबोरे जुळवताना ऐकता येतील.

नवख्या माणसाला मी सांगतो की गायकाकडे नंतर बघ, आधी तंबोऱ्याच्या घोडीकडे बघ. चार तारा घोडीवरून जातात, आणि प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा असतो. जुळवणारा तार छेडतो आणि तो दोरा केसभर पुढे-मागे सरकवतो. आधी आवाज नुसता ‘टण’ असा कोरडा येतो. दोरा एका जागी पोचला की तीच तार एकदम उघडते, तिच्यातून झणकार निघतो आणि थांबायचं नाव घेत नाही. ही जवारी. ती लागली की गायक डोळे मिटतो. पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज अशा चारी तारा एकमेकींत मिसळल्या की त्यांत न छेडलेले सूरही ऐकू यायला लागतात. त्यांतला गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू आला की तुमचे कान गाण्यासाठी तयार झाले.

किराणा घराण्याचं सगळं लक्ष सुराच्या लावण्याकडे. खाँसाहेबांना तर सुराच्या बारकाव्यांचा ध्यासच होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचा, अभ्यास करत होते, तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्या गळ्यावरच त्या पारखून घेतल्या. म्हणून इथे विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना ‘अजून काही घडत का नाही’ असं वाटून घेऊ नका. गायक एका सुरावर थांबतो, त्याच्या भोवती फिरतो, पुढच्या सुराकडे नुसतं बघून परत येतो. त्या थांबण्यातच सगळं घडत असतं. पहिली वीस मिनिटं धीर धरा. नंतर कंटाळा आला तर खुशाल उठून चहा घेऊन या, कुणी काही म्हणत नाही, फक्त ताना चालू असताना लोकांच्या मधून वाट काढू नका.

मोबाइलवर रेकॉर्डिंग चालेल का?

एखादा फोटो काढा आणि फोन खिशात ठेवा. अंधारात उजळलेला पडदा मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत जातो. कलाकाराची परवानगी नसताना रेकॉर्डिंग करणं योग्य नाही.

वयस्क आईवडिलांना, लहान मुलांना नेता येईल का?

वयस्कांना जरूर न्या. घडीची ठेंगणी खुर्ची बरोबर घ्या आणि कडेला बसवा, मध्ये खुर्ची टाकली तर मागच्यांना दिसत नाही. रात्रीची औषधं गाडीत नको, खिशात हवीत. तब्येतीची फार काळजी करू नका, मिरज दवाखान्यांचं गाव आहे. डॉ. वॉनलेस ह्यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून ही परंपरा चालत आली आहे आणि आसपासच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातूनही लोक इथे उपचारांना येतात.

लहान मुलांसाठी आळीपाळीनं एका मोठ्या माणसानं गाडीत थांबायची तयारी ठेवावी. मुलं संध्याकाळी उरुसातल्या पाळण्यांत रमतात, नऊनंतर झोपतात.

सकाळी मोकळा वेळ असेल तर काय बघावं?

सतारमेकर गल्ली, दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल. मिरजेत तंतुवाद्यं घडवण्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालतं. मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार ह्या कामाकडे वळले. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठाहून येतात. दांडीला तुणाचं लाकूड लागतं. दुकानाच्या ओट्यावर भोपळे ओळीनं टांगलेले असतात, आत कुणी घोडी घासत बसलेला असतो, घासतो, तार चढवून ऐकतो, उतरवून पुन्हा घासतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. रात्री ज्या तंबोऱ्यांवर गाणं ऐकलं, ते इथेच घडलेले असण्याची शक्यता मोठी. काही विकत घ्यायचं नसेल तरी जा, पण कारागिराच्या कामात खोळंबा करू नका. फोटो काढण्याआधी विचारा.

गाडी आहेच तर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी आणि त्याला लागून कुरुंदवाड. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडचा. ते गाणं शिकले मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि १९३१ मध्ये त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही मिरजेतच.

खायला काय घ्यावं?

वाडीची बासुंदी आणि पेढे, सांगलीचं भडंग. हंगाम असेल तर तासगावकडची द्राक्षं आणि एरवी बेदाणे. रात्री गाण्याआधी हलकं जेवा, भरल्या पोटी पहिल्या विलंबितातच डोळा लागतो.

उरुसाला जमलं नाही तर?

नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो. तिथेही मोठमोठे कलाकार येतात, वातावरण घरगुती असतं. गाडीबद्दलचं वरचं सगळं तेव्हाही लागू, फक्त परतीचा पाऊस सापडू शकतो, म्हणून मातीच्या मैदानात गाडी लावू नका, चाकं रुततात.

परत कधी निघावं?

सकाळचं सत्र असेल तर ते ऐकून, जेवून, दुपारी दोनच्या सुमारास. नसेल तर जाग येईल तेव्हा उठून, अंघोळ-नाश्ता करून अकराला. निघण्यापूर्वी जिथे गाडी लावली होती ती जागा झाडून कचऱ्याची पिशवी बरोबर घ्या, रखवालदाराला भेटा, पुढच्या वर्षासाठी त्याचा नंबर लिहून घ्या. सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचंच असेल तर रविवारचं रात्रीचं सत्र सोडा आणि शनिवारचं ऐका. कराडला चहाला थांबा, चालकाला उतरून पाय मोकळे करू द्या, आणि खंबाटकीच्या टप्प्यात गाडीतल्या कुणीतरी जागं राहून त्याच्याशी बोलत राहा.